डोळ्यांत अंतर, शेपटीला गदा

गावतळ्याच्या काठावर भर दुपारी जी लगबग चालते, तिच्यात चतुरांचा वाटा मोठा असतो. लाल अंगाचे, निळसर भुकटी माखलेले, पंखांवर तपकिरी डाग असलेले. कुणी एकमेकांच्या मागे लागलेले, कुणी पाण्यावर शेपूट आपटणारे. या सगळ्या धांदलीत एक जण मात्र बसून असतो. पाण्यातून वर आलेली एखादी वाळकी काठी, तिचं अगदी टोक, आणि तोंड पाण्याकडे. अंग काळं, त्यावर पिवळे पट्टे आणि डाग. लांबी साधारण सात सेंटिमीटर, म्हणजे तळ्यावरच्या बाकीच्यांच्या मानाने चांगलाच दांडगा. मध्येच तो झेपावतो, एखादी माशी, फुलपाखरू, प्रसंगी दुसरा चतुरच पकडतो आणि फिरून त्याच काठीवर येऊन बसतो. हा इक्टिनोगॉम्फस रॅपॅक्स. रॅम्बूर या फ्रेंच कीटकशास्त्रज्ञाने १८४२ साली त्याचं वर्णन केलं. इंग्रजी पुस्तकांत तो ‘कॉमन क्लबटेल’ म्हणून भेटतो.

क्लबटेलांचं कुळ, म्हणजे गॉम्फिडी, जगभर पसरलेलं आहे आणि त्यात सुमारे हजार जाती आहेत. महाराष्ट्रातल्या बहुतेक निसर्गवेड्यांची या कुळाशी ओळख तळ्यावरच्या या एका जातीपासून सुरू होते आणि बऱ्याचदा तिथेच थांबते. त्याला कारण आहे. हा एकच भेटायला सोपा. बाकीचे वाहत्या पाण्याचे, त्यातही बरेचसे जंगलातल्या ओढ्यांचे, आणि वर्षातले काही आठवडेच उडणारे. म्हणजे ज्याच्यावरून आपण कुळाची कल्पना करतो, तो साचलेल्या पाण्यावर रमणारा चतुर त्या कुळातला वेगळ्या वळणाचा आहे. क्लबटेल समजून घ्यायचे तर तळं सोडून ओढ्याकडे जावं लागतं, आणि ओढ्यावर गेल्यावरही नजर हवेत ठेवून भागत नाही. पण ते पुढे.

आधी ओळख. जवळ जाता आलं, किंवा दुर्बीण असली, तर पहिल्यांदा डोळे बघायचे. चतुराचे डोळे म्हणजे जवळजवळ सगळं डोकंच. बहुतेक चतुरांत हे दोन डोळे माथ्यावर एकमेकांना टेकलेले असतात, काहींत एका बिंदूपाशी, काहींत लांब शिवणीसारख्या रेघेवर. क्लबटेलचे डोळे मात्र एकमेकांपासून स्पष्ट अंतर राखून असतात. आपल्याकडे एवढ्या एका खुणेवर कुळ ठरतं. चतुरांच्या नात्यातल्या टाचण्या नावाच्या कीटकांचेही डोळे लांब लांब असतात, पण टाचणीची शरीरयष्टी इतकी काटकुळी आणि डोकं इतकं आडवं असतं की गल्लत व्हायची नाही. डोळ्यांचा रंग बहुधा हिरवा, निळसर हिरवा किंवा करडा. पंख बहुतेक स्वच्छ, पारदर्शक. अंगावर धातूची झाक नाही. लाल, जांभळे, भडक निळे असे रंग या घराण्यात शोधू नयेत. काळा आणि पिवळा, फार तर तपकिरी आणि हिरवट, एवढ्यावर सगळ्यांचा संसार चाललेला.

काळ्या-पिवळ्या पट्ट्यांनी फसगत होते ती दुसऱ्याच मंडळींमुळे. ओढ्यावरून किंवा धरणाच्या काठाने एखादा मोठा, काळा-पिवळा चतुर सतत येरझाऱ्या घालताना दिसतो. या टोकाहून त्या टोकाला, पुन्हा मागे, बसायचं नाव नाही. तो बहुधा मॅक्रोमिया किंवा एपोफ्थाल्मिया गटातला असतो. त्याचे डोळे चकचकीत हिरवे आणि माथ्यावर टेकलेले. क्लबटेलची रीत वेगळी. तो बसतो. काठीच्या टोकावर, पानावर, ओल्या दगडावर, वाळूवर. आणि बसल्या जागेवरून शिकार किंवा प्रतिस्पर्धी दिसला की उडी. त्यामुळे बसणारा की फिरणारा, हा प्रश्न पुस्तक उघडण्याआधी विचारून घेतला तर निम्मं काम होतं.

आता गदा. चतुराच्या शेपटीला, म्हणजे शास्त्राच्या भाषेत पोटाला, दहा पेरं असतात आणि ती छातीकडून मोजतात. क्लबटेल नराचं सातवं, आठवं, नववं पेर फुगीर किंवा बाजूंनी रुंदावलेलं असतं, आणि त्याआधीचा भाग बारीक, म्हणून टोकाला गदा लावल्यासारखं दिसतं. पण हा सगळा थाट प्रामुख्याने नराचा. माद्यांची शेपटी बरीच सरळसोट असते, आणि कितीतरी जातींत नराचीही गदा नावापुरतीच. नवख्या माणसाने गदा शोधत बसू नये, असं माझं मत आहे. डोळे बघावेत, आणि मग शेपटीच्या अगदी टोकाशी काय आहे ते बघावं.

तळ्यावरच्या इक्टिनोगॉम्फसच्या आठव्या पेराच्या दोन्ही कडांना पानासारखे पसरट पाळे असतात. बाजूने उजेड आला की ते छान उठून दिसतात. त्याच्यासारखाच काळा-पिवळा, पण पाळे नसलेला, दिसला आणि जागा सह्याद्रीतल्या ओढ्याची असली तर गॉम्फिडिया असण्याचा संभव धरावा. त्यातली गॉम्फिडिया कोडागुएन्सिस ही जात नावातच कोडगू घेऊन आली आहे. पॅरागॉम्फस लिनिएटस यापेक्षा बराच लहान, पिवळट-तपकिरी, आणि नराच्या शेपटीच्या टोकाला खाली वळलेले आकड्यासारखे अवयव. याला इंग्रजीत ‘हुकटेल’ म्हणतात ते उगीच नाही. देशावरच्या नद्यांच्या वाळवंटात, उघड्या दगडांवर, पाण्याशेजारच्या वाळक्या काटक्यांवर तो दिसतो. अंगाचा रंग वाळूत इतका मिसळतो की तो उडाल्यावरच तिथे काही होतं हे कळतं. भारतातून पश्चिमेकडे थेट तुर्कस्तानपर्यंत त्याचा पसारा आहे. तळ्यावरचा रॅपॅक्स आणि नदीवरचा लिनिएटस, एवढे दोघे ज्याला बिनचूक ओळखता आले त्याने सुरुवात चांगली केली असं समजावं. त्यापुढचा चढ खडा आहे.

खडा अशासाठी की काळ्या अंगावरचे पिवळे पट्टे विश्वासाचे नाहीत. नुकताच पाण्यातून बाहेर आलेला चतुर फिकट असतो. म्हातारपणी पिवळा रंग मळतो. एकाच जातीत पट्टा एखाद्याचा अखंड, एखाद्याचा तुटलेला. दोन वेगळ्या जातींचे पट्टे मात्र कधी कधी इतके सारखे की छायाचित्र घेऊन बसलेले चार जाणकार चार नावं सांगतात. वाद मिटतो तो नराच्या शेपटीच्या टोकावर. तिथे वरच्या बाजूला दोन आणि खाली एक असे अवयव असतात. त्यांचा बाक, त्यांच्या टोकांची फाळणी, त्यांच्यावरचे दाते, या प्रत्येकात जातवार फरक. हे अवयव म्हणजे पकड. मीलनाच्या वेळी नर त्यांनी मादीचं डोकं धरतो. खालचा अवयव माथ्यावर दाबतो, वरचे मागून पकडतात. पकड जमली तरच पुढचं सगळं. नराच्या अवयवांचा आकार आणि मादीच्या डोक्याच्या मागच्या कडेचा आकार एकमेकांशी जुळलेले असतात. काही जातींच्या माद्यांना तिथे बारीक शिंगंही असतात. ही पकड हळुवार नसते. अमेरिकेतल्या अभ्यासकांनी क्लबटेल माद्यांची डोकी सूक्ष्मदर्शकाखाली तपासली तेव्हा त्यांवर ओरखडे आणि भोकं आढळली, काहींच्या तर डोळ्यांतही.

या कुळाकडे बघण्याची माझी पद्धत इथे बदलली. ओळखीच्या खुणा म्हणजे पाठ करायची यादी, असं मी धरून चाललो होतो. पण शेपटीचं टोक जात सांगतं, कारण ते जात राखण्याच्या कामाचंच आहे. नराच्या दुसऱ्या पेराच्या बाजूंना कानासारखे छोटे उंचवटे असतात आणि मागच्या पंखाचा बुंधा कोनात कापलेला असतो, त्यावरून नर-मादी लांबूनही कळतात. पायांवरूनही काही सुगावा लागतो. मेरोगॉम्फस लॉन्गिस्टिग्मा या सह्याद्रीतल्या जातीच्या मागच्या मांड्या अवाजवी लांब आणि काटेरी. प्रत्येक खुणेमागे काही ना काही करणी आहे. ती समजली तर खूण विसरत नाही.

*

भारतातल्या क्लबटेलांबद्दल जे लिहिलं गेलं, त्याचा पाया एका लष्करी डॉक्टरने घातला. फ्रेडरिक चार्ल्स फ्रेझर (१८८०–१९६३) हा इंडियन मेडिकल सर्व्हिसमधला सर्जन. नोकरी जिथे नेईल तिथले चतुर त्याने गोळा केले. मुंबईच्या बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या नियतकालिकात त्याची भारतीय चतुरांवरची दीर्घ लेखमाला चालली. पुढे ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालेत चतुरांचे तीन खंड निघाले: १९३३, १९३४ आणि १९३६. क्लबटेल दुसऱ्या खंडात आहेत. शेपटीच्या टोकांच्या रेखाकृती आणि मोजक्या शब्दांत जातीमागून जाती. नव्वद वर्षं उलटून गेली तरी एखादा क्लबटेल अडला की आजही हाच खंड उघडला जातो. कुठल्या शास्त्रात इतकं जुनं पुस्तक रोजच्या वापरात असेल, हे मला कौतुकाचं वाटतं आणि थोडं लाजिरवाणंही.

फ्रेझरच्या आधी ज्या जाती नोंदल्या गेल्या त्या मुख्यतः युरोपातल्या संग्रहालयांत बसून. बेल्जियमचा उमराव एडमाँ द सेलिस लाँगशाँ (१८१३–१९००) याने टाचणीला टोचून आलेल्या नमुन्यांवरून आपल्याकडच्या कितीतरी क्लबटेलांना नावं दिली. पॅरागॉम्फस लिनिएटस त्यातलाच. त्याला हे चतुर उडताना दिसले नाहीत. फ्रेझरने ते ओढ्यावर पाहिले. त्याच्या जातींच्या नावांतून त्याचा मुलूख कळतो: कोडागुएन्सिस, निलगिरिएन्सिस, कलारेन्सिस. कोडगू, निलगिरी, निलगिरीच्या पायथ्याचं कलार. म्हणजे दक्षिणेचा पश्चिम घाट. गोव्याच्या वरचा सह्याद्री त्या मानाने उपेक्षित राहिला, आणि पुढे कित्येक वर्षं असा समज होता की क्लबटेलांची खरी श्रीमंती खालीच आहे.

त्या समजाला अलीकडे तडे जाऊ लागले आहेत. २०१९ मध्ये पश्चिम घाटातून सायक्लोगॉम्फस फ्लॅवोअॅन्युलॅटस ही नवी जात जाहीर झाली. ते काम करणाऱ्यांत गोव्याचे पराग रांगणेकर होते. आणि २०२२ मध्ये शंतनू जोशी, हेमंत ओगले, दत्तप्रसाद सावंत आदींनी सिंधुदुर्गातल्या चौकुळवरून नाव दिलेली बर्मागॉम्फस चौकुलेन्सिस ही जात शास्त्रापुढे आणली. जवळच्या जातींपासून तिचं वेगळेपण ठरलं ते छातीच्या बाजूवरच्या पिवळ्या खुणा आणि नराच्या शेपटीच्या टोकावर. म्हणजे नव्वद वर्षांपूर्वी फ्रेझर जिथे बघायला सांगत होता, तिथेच.

चौकुळ हे आंबोलीच्या शेजारचं, सावंतवाडी तालुक्यातलं गाव. घाटमाथा, वर्षाला सरासरी सात हजार मिलिमीटरच्या वर पाऊस, काळा कातळ, मधेच देवराई, आणि दोन्हींच्या मधून वाट काढणारे व्हाळ. पर्यटकांच्या गाड्या जुलै-ऑगस्टमध्ये धबधब्यावर रांगा लावतात. क्लबटेलसाठी जाणाऱ्याला तेव्हा जाऊन उपयोग नाही. त्याचा हंगाम त्याआधीचा: मे महिन्याचा शेवट, वळवाच्या सरी पडून गेलेल्या, आणि मोसमी पाऊस घाटाच्या पायथ्याशी घुटमळणारा. व्हाळात तेव्हा पाणी घोट्याएवढं आणि नितळ. तळाची रेती, गोटे, कुजलेली पानं स्वच्छ दिसतात. ऊन आणि ढग आलटून पालटून. ऊन पडलं की पाण्यावर झुकलेल्या पानांवर नर येऊन बसतात, ढग आला की नाहीसे होतात. कुठे जातात ते मान वर करून शोधावं लागतं. बहुतेक झाडांच्या शेंड्यांकडे. भर दुपारी ऊन फारच तापलं तर बसलेला नर शेपटी सरळ आकाशाकडे उभी करतो. अंगावर थेट पडणारं ऊन त्यामुळे कमी होतं. सावलीत सरकण्यापेक्षा, मिळवलेली जागा न सोडता अंगच उन्हाच्या रेषेत उभं करायचं, असा हा हिशेब.

नराची जागा का सुटत नाही, ते मादीच्या वागण्यावरून कळतं. ती ओढ्यावर फारशी येतच नाही. पोट भरणं, पिकणं, विश्रांती सगळं पाण्यापासून दूर, जंगलात. पाण्यावर येते ती मीलनासाठी किंवा अंडी घालायला, आणि काम झालं की निघून जाते. नराला त्या मोजक्या क्षणांसाठी जागा अडवून बसायचं असतं. नर-मादी जुळले की बहुधा दोघंही उडून झाडावर जातात. त्यामुळे क्लबटेलची जोडी बघायला मिळणं हे नशीबच, आणि कितीतरी जातींमध्ये मादीचं वर्णन नराच्या मानाने त्रोटक राहिलं ते याच कारणाने. काठावर बसून केलेल्या कुठल्याही मोजणीत नरांची संख्या फुगलेली असते, हे मोजणी वाचताना ध्यानात ठेवावं.

आंबोलीचाच एक शेजार इथे आठवतो. हिरण्यकेशीच्या उगमापाशी मंदिराच्या कुंडात सापडलेल्या शिस्टुरा हिरण्यकेशी या छोट्या माशाचं वर्णन २०२० मध्ये झालं आणि २०२१ मध्ये राज्य शासनाने ती जागा जैवविविधता वारसास्थळ म्हणून जाहीर केली. मासा एका कुंडात राहतो, कुंडाला भिंत आहे, पाटी लावता येते. चतुराचं तसं नाही. त्याला ओढ्याचा तळही लागतो, काठावरचं जंगलही लागतं, आणि मधला काळ तो कुठे आहे हे नीट दाखवता येत नाही. पाटी लावायची कुठे?

*

हा अंक हातात पडेल तेव्हा सह्याद्रीतल्या बहुतेक क्लबटेलांचं उडणं संपलेलं असेल. पाऊस सरताना भातखाचरांवर आणि शहरातल्या मैदानांवर जे पिवळसर चतुर शेकड्यांनी तरंगत होते, ते पँटाला. समुद्र ओलांडणारे, जगभर फिरणारे. त्यांची पिल्लं पावसाच्या डबक्यात काही आठवड्यांत वाढून मोकळी होतात. क्लबटेलचा खाक्या याच्या अगदी उलटा. त्याचं उडणं थोडं, आणि आयुष्याचा मोठा भाग पाण्याखाली डिंभाच्या, म्हणजे पाण्यातल्या पिल्लाच्या, रूपात. थंड देशांत काही जातींना ही अवस्था पुरी करायला दोन-तीन वर्षंही लागतात. काठीवरचा काळा-पिवळा शिकारी हा त्या लांबलचक पाण्यातल्या आयुष्याचा अखेरचा टप्पा आहे.

आणि पाण्याखाली म्हणजे नुसतं पाण्यात नव्हे. बाकीच्या चतुरांचे डिंभ पाणवनस्पतींवर चढतात, गाळावर रांगतात. क्लबटेलचे बरेचसे डिंभ तळात पुरून घेतात. मी पहिल्यांदा पाहिला तो चाळणीत आलेल्या ओल्या रेतीत. रेतीचंच एक ढेकूळ हललं एवढंच कळलं. चपटं, पाचरीसारखं डोकं. स्पर्शिका जाडसर आणि चारच पेरांच्या. पायांच्या पुढच्या दोन्ही जोड्या आखूड, मजबूत, उकरायला योग्य. पुढच्या-मधल्या पायांच्या पंजांना दोन-दोन पेरं, मागच्याच्या पंजाला तीन. हा हिशेब डिंभावरून कुळ ओळखायला कामी येतो. अंगभर बारीक केस, त्यात माती अडकून बसलेली. बशीत स्वच्छ पाण्यात ठेवला तर बेचैन होतो; तळाला रेती टाकली की काही सेकंदांत आत. वर राहतात ते दोन डोळे आणि शेपटीचं टोक.

शेपटीचं टोक वर ठेवायला कारण आहे. चतुरांच्या डिंभाचे कल्ले शेपटीच्या आत, गुदद्वाराच्या पोकळीत असतात. तिथूनच पाणी आत घ्यायचं आणि बाहेर टाकायचं, म्हणजे पुरलेलं असताना तेवढं टोक मोकळं हवं. मॅक्रोगॉम्फसच्या डिंभाने या अडचणीवर भलताच उपाय काढला आहे. त्याचं दहावं पेर लांबून नळीसारखं झालेलं असतं, त्यामुळे तो खोल चिखलात राहूनही वरचं पाणी ओढतो. हेलिओगॉम्फसचे डिंभ याच्या अगदी विरुद्ध: पानासारखे पसरट, कुजलेल्या पानांच्या थरात बेमालूम. तळ्यावरच्या आपल्या इक्टिनोगॉम्फसचा डिंभही रुंद आणि चपटा, पालापाचोळ्यात राहणारा. म्हणजे तळ बघून पाहुण्याचा अंदाज बांधता येतो. भरड रेतीत एक, मऊ गाळात दुसरा, पानांच्या साठ्यात तिसरा. शिकार करायची तऱ्हा मात्र सगळ्यांची एकच. खालचा ओठ घडी करून तोंडाखाली ठेवलेला, आणि एखादा किडा किंवा डासाची अळी टप्प्यात आली की तो झटक्यात पुढे.

अंड्यांचीही या तळाशी गाठ आहे. टाचणी किंवा काही चतुर पानाला भोक पाडून त्यात अंडी घालतात. क्लबटेल मादीकडे तसलं हत्यार नाही. ती शेपटीच्या टोकाशी अंड्यांचा पुंजका जमवते आणि उडता उडता पाण्याला टोक लावून तो सोडते. सोडलेली अंडी वाहून गेली तर? त्याचा उलगडा करणाऱ्या कामांतलं एक नागपूरचं आहे. आर. जे. अँड्र्यू आणि डी. बी. टेंभरे यांनी इक्टिनोगॉम्फस रॅपॅक्सच्या अंड्याचं कवच इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली तपासून १९९२ मध्ये ते प्रसिद्ध केलं. या जातकुळीतल्या अंड्याच्या एका टोकाला अतिसूक्ष्म तंतूंची गुंडाळी असते. पाण्याचा स्पर्श झाला की फिरकीवरून मांजा सुटावा तशी ती उलगडते आणि पाण्यातल्या काडी-शेवाळात अडकून अंडं जागच्या जागी धरून ठेवते. गावतळ्यावरचा, कुणाही पोराने पाहिलेला चतुर; पण त्याच्या अंड्यापर्यंत पोचायला एखाद्या प्रयोगशाळेत कुणीतरी चिकाटीने बसावं लागलं.

*

तळ हाच मुख्य पत्ता असेल, तर तळाचं काय चाललंय हे विचारायला हवं. आपल्याकडे नदीतल्या वाळूकडे बघायचे दोनच दृष्टिकोन आहेत. एक, ती बांधकामाचा माल आहे. दोन, ती गाळ आहे आणि काढून टाकली पाहिजे. पहिल्यासाठी रात्री-अपरात्री ट्रॅक्टर आणि बोटी लागतात. दुसऱ्यासाठी जेसीबी येतो, आणि तो येताना बहुधा कौतुकाने येतो. नाला खोलीकरण-रुंदीकरणाची कामं दुष्काळी भागात का हवीत हे मला कळतं. विहिरीला पाणी आलेलं बघितलेल्या माणसाला चतुराची गोष्ट सांगायला जीभ रेटत नाही. तरी एवढं म्हणेन की बारमाही ओढा आणि पावसाळी नाला यांना एकच मशीन एकाच पद्धतीने लावणं चूक आहे. ओढ्याच्या तळात रेती, गोटे, गाळ, पानं यांची जी विभागणी पुराने वर्षानुवर्षं केलेली असते, ती एका दुपारीत सपाट होते. बाजूंना सिमेंटच्या भिंती आल्या की काठावरची झाडं जातात, आणि झाडं गेली की उडणाऱ्या क्लबटेलला पिकायला, लपायला जागा राहत नाही. दोन्ही घरं एकदम मोडतात.

सगळेच बुडतात असं नाही. इक्टिनोगॉम्फस बांधावर, शेततळ्यावर, शहरातल्या तलावावर मजेत राहतो. पॅरागॉम्फसही बरंच सोसतो. पुढे एखाद्या पाहणीत ‘क्लबटेल आढळले’ अशी ओळ येईल आणि ती खोटी नसेल. त्या ओळीआड हेलिओगॉम्फस, बर्मागॉम्फस, मेगॅलोगॉम्फस झाकले जातील. कुळाच्या नावाने केलेली मोजणी म्हणून मला पटत नाही. आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघाने २०११ मध्ये पश्चिम घाटातल्या गोड्या पाण्याच्या जीवांचा आढावा घेतला, त्यात चतुरांच्या बऱ्याच जातींपुढे ‘माहिती अपुरी’ असा शेरा आहे. क्लबटेल त्यात ठळकपणे आहेत. हा शेरा कागदावर निरुपद्रवी दिसतो. प्रत्यक्षात एखाद्या प्रकल्पाच्या अहवालात त्याचा अर्थ ‘चिंतेचं कारण नाही’ असा लावला जातो.

माहिती भरायची तर छायाचित्रं नीट घ्यायला हवीत, आणि बहुतेक जण ती चुकीची घेतात. तीन-चतुर्थांश कोनातून, पार्श्वभूमी धूसर, डोळ्यांत चमक. चित्र सुंदर, ओळख शून्य. क्लबटेलचं एक चित्र बरोब्बर बाजूने हवं, ज्यात छातीवरचे पट्टे आणि सगळी पेरं दिसतील. एक वरून. एक तोंडाचं. आणि सगळ्यात महत्त्वाचं, शेपटीच्या टोकाचं, बाजूने आणि वरून, जमेल तितकं जवळून. तो बसणारा असल्याने हे शक्य असतं. पहिल्यांदा उडाला तरी थांबावं. बऱ्याचदा तो तिथेच किंवा दोन हातांवर परत येतो. सोबत जागा, तारीख, पाणी वाहतं की साचलेलं, आणि तळ कसला, एवढं टिपलं तर छायाचित्राची किंमत वाढते. तळाची नोंद जवळजवळ कुणीच करत नाही.

याहून पक्का पुरावा मात्र कॅमेऱ्याविना मिळतो. डिंभ वाढ पुरी झाली की पाण्याबाहेर येतो आणि कात टाकून उडता चतुर होतो. बहुतेक चतुर हे काम रात्री, उभ्या देठावर चढून करतात. क्लबटेलच्या बऱ्याच जाती दिवसाउजेडी करतात, आणि त्यासाठी त्यांना उभा आधार लागतोच असं नाही. पाण्यालगतचा सपाट दगड, ओली वाळू चालते. धोका मोठा असतो. मऊ पंख सुकेपर्यंत उडता येत नाही, आणि मुंग्या, धोबी पक्षी, वेडे राघू टपलेले. उडणारा चतुर कुठूनही आलेला असू शकतो, पण कात जिथे सापडली तिथे तो वाढला हे निश्चित. रिकाम्या कातीवरूनही चपटं डोकं, चार पेरांच्या स्पर्शिका, पायांच्या पंजांचा तो दोन-दोन-तीनचा हिशेब सगळं तपासता येतं.

काती शोधायच्या त्या पाण्याच्या रेषेपासून वीत-दोन वितींवर: दगडाच्या पाण्याकडच्या अंगाला, साकवाच्या खांबांवर, उघड्या पडलेल्या मुळांवर. मातीने माखलेल्या असल्याने त्या सहज दिसत नाहीत. काडेपेटीत कापूस घालून, चिठ्ठीवर जागा आणि तारीख लिहून ठेवल्या की झालं. मृगाचा पहिला जोरदार लोंढा आला की सगळ्या वाहून जातात, म्हणून हे काम मेअखेरीस उरकावं लागतं. तेव्हा शाळांना सुट्टी असते आणि ओढ्यावर पोरं असतातच. खेकड्यांची बिळं हुडकणारी ती नजर या कामाला फार चांगली. फक्त काय शोधायचं ते एकदा दाखवून ठेवावं लागतं.